वरचे नाव गेलेल्याचे

पाथरगुडा, ता. जिवती
दि. २० जानेवारी २०२५

थाळ्यांवर नाव घालणाऱ्या भाऊंस,

नमस्कार. मी नंदिनी राजदीप निमगडे. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी मेलेली आहे, तेव्हा हे पत्र बसून वाचावे.

माझे पती राजदीप यांना जाऊन काल वर्ष झाले. ते घुग्घुसला कामाला होते. पाळी सुटल्यावर मोटारसायकलने गावाकडे निघाले आणि वाटेत ट्रकखाली आले. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी विहारात भोजनदान ठेवावे आणि गावात घराघराला एक स्टीलची थाळी द्यावी, अशी माझ्या सासूबाईंची, बायनाबाईंची, इच्छा होती. म्हणून मी जीपवाल्या जंगूभाऊंच्या हाती चिठ्ठी दिली आणि तुमच्या दुकानातून त्यांनी वीस थाळ्या आणल्या. जीप उशिरा आली. थाळ्या कागदातून सोडल्या, धुतल्या आणि लगेच पंगत मांडली. वाचत कोणी बसले नाही.

नाव तुम्ही तळाशी मधोमध घातले आहे. त्यावर भात होता. मी भाजी वाढत होते. शेजारच्या कलाबाईंचा भात संपत आला तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी थाळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा थाळीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "वो बाई, तू तं मेली ना वो!"

मग सगळ्यांनीच भात बाजूला सारला. प्रत्येक थाळीत लिहिले होते : "कालकथित नंदिनी राजदीप निमगडे यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. राजदीप देवाजी निमगडे यांच्याकडून." म्हणजे गेलेल्या नवऱ्याने जिवंत बायकोच्या नावाने गावजेवण घातले. मागून कोणीतरी म्हणाले, "राजदीप मोठ्या मनाचा होता बाप्पा." लोक हसले, मग आपण कशाला जमलो आहोत ते आठवून खाली पाहू लागले.

सासूबाई म्हणतात, आपण बौद्ध आहोत, आपण शकुन-अपशकुन मानत नाही. कालपासून त्यांनी तीनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाई ना वो तुले?"

आता काय करायचे ते कळवा. फोन करू नका. आमच्याकडे टेकडीवर चढले तरच फोन लागतो, आणि तिथे उभे राहून ओरडून बोललेले सगळे गाव ऐकते. पत्र जंगूभाऊंकडे द्यावे.

अजून जिवंत असलेली,
नंदिनी निमगडे


भद्रावती
दि. २४ जानेवारी २०२५

आदरणीय नंदिनीताई यांस,

सविनय जयभीम. मी मिथुन अलोणे. थाळ्यांवर नाव मीच घातले. आपले पत्र मी बसूनच वाचले, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ उठलो नाही.

चूक कशी झाली ते कळवतो. हा बचाव नव्हे. आमच्या दुकानाची पद्धत अशी आहे की चिठ्ठीवर वरचे नाव गेलेल्याचे आणि खालचे नाव देणाऱ्याचे. आपल्या चिठ्ठीत वर आपले नाव होते आणि खाली राजदीपभाऊंचे. दुसरी पद्धत अशी की नाव घालण्याआधी गिऱ्हाइकाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. मी जंगूभाऊंना वाचायला सांगितले. ते म्हणाले, "माह्यापाशी चष्मा नाई, तूच वाच." मग मीच वाचला आणि मीच ऐकला. मला बरोबर वाटला.

माझे शिक्षण बारावी अर्धवट आहे, म्हणून मी प्रत्येक अक्षर दोनदा तपासतो. आपल्या थाळ्यांवर एकही वेलांटी चुकलेली नाही. माणूस चुकले.

विनंती अशी की थाळ्या परत गोळा करून पाठवाव्यात. पॉलिशच्या चाकावर घासून मी पहिला मजकूर काढतो आणि नवा घालतो. शेठजींना मी अजून सांगितलेले नाही. सांगितले तर ते मला कामावर ठेवणार नाहीत. ते दुपारी जेवायला घरी जातात तेवढ्या वेळात मी दुरुस्ती करीन. सगळ्या एकदम आल्या तर त्यांच्या नजरेस पडतील, म्हणून पाच-सहा, पाच-सहा अशा पाठवाव्यात.

आपण कृपया सुखरूप राहावे. ही विनंती दुकानाच्या वतीने नसून माझ्या वतीने आहे.

आपला नम्र,
मिथुन अलोणे


पाथरगुडा
दि. ९ फेब्रुवारी २०२५

मिथुनभाऊ यांस,

जयभीम. सोबत सहा थाळ्या पाठवत आहे. चिठ्ठीतली चूक थोडी माझीही आहे. राजदीप गेल्यापासून वर्षभर मी फक्त अर्ज लिहिले. अर्जात वर अर्जदाराचे नाव लागते. नवऱ्याचे नाव खाली, "मृताचे नाव" या रकान्यात. हाताला तीच सवय लागली.

दिलेली थाळी परत मागणे किती अवघड असते याची तुम्हाला कल्पना नसेल. दारात उभे राहून मागता येत नाही. आत बसावे लागते, चहा घ्यावा लागतो. वर्षभर मी कोणाच्या घरी गेले नव्हते. लोक वाईट नाहीत, पण माझ्याशी काय बोलावे हे त्यांना कळत नव्हते आणि मलाही नव्हते. आता तुमच्यामुळे विषय मिळाला. जिथे जाते तिथे विचारतात, "काऊन वो नंदिनी, वरतून कधी आली?"

दुसरी गोष्ट अशी कळली की राजदीपने गावातल्या प्रत्येक घराला काही ना काही कबूल केले होते. कोलूकाकांना मोठी बॅटरी, कलाबाईंना गुडघ्याचा पट्टा, विहाराला घड्याळ. "पुढच्या महिन्यात घुग्घुसहून आणतो." कोणालाच काही आणले नाही. मला घुग्घुसला खोली घेऊन नेणार होते, तीही पुढच्या महिन्यात. पाच वर्षे मला वाटत होते की ते मला एकटीलाच फसवत आहेत. कोलूकाकांनी बॅटरीचे सांगितले तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर बसून हसले, आणि मग तिथेच रडले. काका तुरीच्या शेंगा सोलत राहिले.

थाळ्यांसोबत शेंगा, बोरे आणि ज्वारीच्या लाह्या आहेत. आमच्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. थाळी देताना प्रत्येक घराने त्यात काहीतरी घातले. ते त्यांनी तुमच्यासाठीच दिले असे नाही, पण मी एकटी किती खाणार?

नंदिनी


भद्रावती
दि. १६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय नंदिनीताई,

सविनय जयभीम. सहाही थाळ्या दुरुस्त करून पाठवत आहे. घासलेली जागा उजेडात तिरपी धरली तर थोडी पांढुरकी दिसते, त्याबद्दल क्षमस्व. पद्धत मोडू नये म्हणून वरच्या थाळीत बिस्किटांचे पुडे ठेवले आहेत. मला दुसरे काही करता येत नाही.

बोरे आणि लाह्या दुकानातच संपल्या. शेठजींनीही खाल्ल्या आणि कुठून आल्या म्हणून विचारले. मी मावशीकडून असे सांगितले. मला मावशी नाही. शेंगा घरी नेऊन उकडल्या. त्यासाठी गॅस पेटवावा लागला. सिलिंडर पावसाळ्यापासून तसाच होता.

माझी आई गुणाबाई फॅक्टरीच्या कॉलनीत चार घरी स्वयंपाक करायची. ती गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून मी खानावळीत जेवतो. रोज लोकांच्या आईवडिलांची नावे थाळ्यांवर, तांब्यांवर, गडव्यांवर घालतो. आईचे मात्र घातलेले नाही. शेठजींनी एक थाळी दिली आहे, ती कोरीच आहे. कारण असे की मजकूर कोणीतरी वाचून दाखवल्याशिवाय घालायचा नाही ही पद्धत आहे, आणि घरी वाचणारे कोणी नाही. मी एकट्याने वाचून घातले की काय होते हे आपल्याला माहीत आहेच.

हे सर्व लिहिण्याचे कारण नव्हते. शेंगांचा विषय निघाला म्हणून लिहिले गेले. खोडले तर कागद खराब दिसेल म्हणून ठेवले आहे.

पुढच्या थाळ्या सवडीने पाठवाव्यात.

आपला नम्र,
मिथुन


पाथरगुडा
दि. २ मार्च २०२५

मिथुन यांस,

जयभीम. बिस्किटे सासूबाईंना आवडली. त्या म्हणाल्या, "हा पोरगा बिस्कुटाचाच स्वयंपाक करते का?" यावेळी सात थाळ्या आहेत. खालच्या डब्यात आंबाडीची भाजी आहे, ती आधी खा, नाहीतर उतरेल.

थाळ्या गोळा करण्याचे काम हळू चालले आहे. लोक आता स्वतःहून बोलावतात. जिथे थाळी दुरुस्त होऊन आली तेही बोलावतात. म्हणतात, पांढरा डाग पाहायला ये.

दोन गोष्टी. एक, मला ताई लिहू नका. तुम्ही मला आधीच मारले आहे, आता बहीणही करू नका.

दुसरी, आईच्या थाळीचा मजकूर मला पाठवा. मी मोठ्याने वाचीन आणि काही चुकले असेल तर कळवीन. आईला मी ओळखत नाही, पण मजकूर चुकला की तो कसा वाटतो हे माझ्याइतके कोणाला कळणार?

नंदिनी


भद्रावती
दि. १० मार्च २०२५

(मायना काय लिहावा हे ठरले नाही, म्हणून जागा रिकामी सोडली आहे. कृपया राग मानू नये.)

सविनय जयभीम. सात थाळ्या सोबत आहेत. आंबाडीची भाजी त्याच दिवशी खाल्ली. भात मीच केला. खाली लागला, पण वरचा बरा होता.

आईचा मजकूर मी पुष्कळदा लिहून पाहिला. दुकानात नेहमीचे तीन-चार मजकूर ठरलेले आहेत, गिऱ्हाईक त्यातला एक निवडते. त्यातला कोणताही तिला बसेना. शेवटी असा झाला :

"गुणाबाई. हिने वाढले, मी जेवलो. मिथुन."

यात 'कालकथित' नाही आणि 'स्मरणार्थ'ही नाही. ते लिहायला हात वळत नाही. असे चालते का? दुकानात असे कोणी केलेले मी पाहिलेले नाही. आपण वाचून जे सांगाल ते करीन.

मिथुन


पाथरगुडा
दि. २८ मार्च २०२५

मिथुन,

जयभीम. तुमच्या आईचा मजकूर मी टेकडीवर जाऊन वाचला. घरात वाचला असता तर सासूबाईंनी कोण गुणाबाई म्हणून विचारले असते. टेकडीवर मी एकटीच असेन असे वाटले होते, पण खाली बाया मोहफुले वेचत होत्या. कलाबाईंनी विचारले, "कोनाशी बोलून राह्यली वो?" मी म्हटले, एका बाईशी. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा त्या वेचायच्या थांबल्या होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "चांगलं हाये."

काही चुकलेले नाही. कोरा.

तुमच्या थाळ्यांचे म्हणाल तर मधल्या फेरीतल्या सहा धरून गावातल्या सगळ्या झाल्या. आता एकच उरली आहे, आमच्या स्वतःच्या घरची. ती राहू दिली होती, आणि तिने मागच्या आठवड्यात एक काम केले.

सासूबाईंच्या भावाने माझ्यासाठी एक स्थळ आणले. घुग्घुसचे गृहस्थ, बायको वारलेली, नोकरी पक्की, बोलणे त्याहून पक्के. आल्याबरोबर त्यांनी मला सांगितले की मी दुःखातून बाहेर यायला हवे आणि त्यासाठी ते मला घुग्घुसला खोली दाखवणार आहेत, पुढच्या महिन्यात. मी जेवायला वाढले. घरात दुसरी थाळी नव्हती. त्यांनी भात संपवला आणि खाली पाहिले. मी विचारले, "अजून भात वाढू का?" तर ते "नको, नको" म्हणत उठले, हातही नीट धुतला नाही. जंगूभाऊ सांगत होते की जीपमध्ये गडचांदूरपर्यंत ते रुमालाला हात पुसत होते.

सासूबाईंनी थाळी उचलली, वाचली आणि माझ्याकडे पाहिले. ताप आहे का म्हणून विचारले नाही.

नंदिनी


भद्रावती
दि. ३ एप्रिल २०२५

सविनय जयभीम.

आईची थाळी काल कोरली. तिच्यातच जेवलो. आपले आभार कसे मानावेत कळत नाही, आणि त्याच पत्रात आपल्यावर आलेला प्रसंग वाचून मला अतिशय वाईट वाटले. माझ्या चुकीमुळे आपली जुळत आलेली सोयरीक मोडली. नोकरी पक्की असलेले स्थळ होते.

मी विचार केला आहे. घुग्घुस इथून लांब नाही. त्या गृहस्थांचा पत्ता कळवल्यास मी स्वतः जाऊन, चूक माझी आहे आणि आपण जिवंत आहात, हे त्यांना समक्ष सांगण्यास तयार आहे. हवे तर तसे लिहून देईन.

शेवटची थाळीही लवकर पाठवावी, म्हणजे पुन्हा असे होणार नाही. ती दुरुस्त झाली की काम पूर्ण होईल. त्यानंतर मी आपल्याला त्रास देणार नाही. जंगूभाऊंच्या जीपची मला वाट पाहण्याची सवय झाली आहे, ती मोडावी लागेल, पण तो माझा प्रश्न आहे.

मिथुन


पाथरगुडा
दि. ९ एप्रिल २०२५

मिथुन,

तुमचे अक्षर सुंदर आहे. बाकीचे बोलत नाही.

पत्ता मिळणार नाही. शेवटची थाळीही पाठवणार नाही.

आमच्या घरात थाळ्यांची कमी कधीच नव्हती. त्या दिवशी फळीवर सासूबाईंच्या लग्नातल्या डझनभर होत्या. माझे मागचे पत्र पुन्हा वाचा. अक्षर तपासू नका, वाचा.

नंदिनी


भद्रावती
दि. २१ एप्रिल २०२५

नंदिनी,

मायना घातला आहे. चुकला असेल तर कळवावे.

पत्र पुन्हा वाचले. मला जे कळले ते मी एकट्यानेच वाचले आहे आणि एकट्यानेच मला बरोबर वाटते आहे. असे आधी एकदा झाले होते. तेव्हा एक जिवंत बाई मेली. म्हणून यावेळी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी काही धरून चालणार नाही.

शेठजींना सर्व सांगितले. ते म्हणाले, "मले तं बोरं आले तवाच समजलं, तुले मावशी कुठी हाये?" कामावरून काढले नाही. पॉलिशच्या चाकाचा पट्टा झिजला तो नवा बसवायला लावला.

आता तुम्ही सांगाल तसे.

मिथुन


पाथरगुडा
दि. १ मे २०२५

चि. मिथुन अलोणे यास, बायनाबाई देवाजी निमगडे यांचा आशीर्वाद.

(सांगणारी बायनाबाई, लिहिणारी नंदिनी. मी सांगीन तसेच लिहायचे, आपले काही घुसवायचे नाही, असे मला बजावले आहे.)

बाबू, तुह्ये सारे पत्र मले माहीत हायेत. जंगू वाचून दाखवते. चष्मा नाई म्हणते, पण पाकिटातलं सारं दिसते त्याले. त्याच्यावर रागावू नको. तो बी मनानं वाचते, मागचं पत्र तं त्यानं मले दोनदा वाचून दाखवलं.

तुह्या मायची थाळी मी आयकली. मायचं पोरगं हायेस, म्हणून सांगतो तुले.

माह्या पोरानं साऱ्या गावाले आणतो, आणतो म्हणलं आन् काई आणलं नाई. चांगला होता, पण तसा होता. तू न सांगता बिस्कुटं पाठोले. खारे पाठोत जा, गोड मले चालत नाई. (हे मी लिहिणार नव्हते. लिही म्हणाल्या.)

आता कामाचं. हे पोरगी वर्षभर भिताडाकडे तोंड करून बसली होती. मी काई बोलली नाई, कावून का मी बी तशीच बसली होती. तुह्या थाळ्यायनं तिले घराघरानं फिरवलं. आता हासते, भांडते, पाहुण्यायले पळवून लावते. अशी सून घरात ठेवून मी काय करू? अन् घुग्घुसच्या त्या माणसाले देऊन तरी काय करू? तिच्या मनात काय हाये ते मी इचारलं. तिनं सांगतलं. ते मी इथी सांगत नाई, तुले तिच्या तोंडानं आयकायचं हाये ना, मंग ये.

तुह्या घरी मोठं कोणी नाई हे मले माहीत हाये. शेठजीले घेऊन ये. जंगूच्या जीपमधे दोन जागा सांगून ठेवल्या हायेत.

अन् मशीन आण. ते शेवटली थाळी माह्या पेटीत हाये. नंदिनी आपल्यापाशी ठेवाले मांगते, मी देत नाई. आमच्या घरचं भांडं रिकामं जात नाई, अन् भरून बी नाई जाणार हे. इथंच राहीन. तू तिच्यावरचं 'कालकथित' तेवढं घासून टाक. बाकी एक अक्षर हालवू नको. सून जाईन तं तिच्या स्मरणार्थ मले काई लागन का नाई? राजदीपकडून असं लिहिलं हाये, ते बी खरं हाये. साऱ्याईले आणतो म्हणाला होता. ह्या घरात त्यानं एवढी एकच गोष्ट आणली, हे पोरगी.

बायनाबाई

ता. क. लिहून झाल्यावर त्यांनी सगळा मजकूर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. शेवटी मला दोनदा थांबावे लागले. काही चुकलेले नाही. यंत्राला वीज लागत असेल तर दुपारी या, तेव्हा असते.

नंदिनी